सांगणाऱ्याचं नाव, गाव, नातं

कौसाआत्या वाकळा शिवायची. पुण्यामुंबईकडे जिला गोधडी म्हणतात ती आमची वाकळ. नांदेडात आमच्या गल्लीत तिच्याइतका बारीक आणि दाट टाका कुणाचा नव्हता. बायका जुनी लुगडी, धोतरं, पोरांचे विटके सदरे गाठोड्यात बांधून आणायच्या आणि उंबऱ्यावर टाकून जायच्या. आत्या गाठोडं सोडून एकेक कापड उन्हाकडे धरून बघायची. कुठल्या लुगड्याचा पदर जळलाय, कुणाच्या सदऱ्याच्या सगळ्या गुंड्या एकदम तुटल्यात, कुठल्या सासूने सुनेचं धडकं पातळ फाटक्यात सारलंय, तिला सगळं कळायचं. मला भारी चौकशा. हे कुणाचं, असं कसं फाटलं, म्हणून मी तिला भंडावून सोडायचे. ती दोरा दाताने तोडायची आणि म्हणायची, "लोकाच्या घरचं फाटकं माझ्या हातात असतंय बाई, तोंडात न्हाई." मला तेव्हा तो तिचा आडमुठेपणा वाटायचा.

आत्या म्हणजे माझ्या वडिलांची, आबांची, थोरली बहीण. नवरा लवकर गेला, मूलबाळ नाही, सासरी कुणी विचारेना, तेव्हा हिने नांदेड गाठलं आणि सुईदोऱ्यावर पोट भरलं. आमचं गाव मुखेड तालुक्यात. मी बारावी झाले तेव्हा पोरीला शिकवायचं की उजवून टाकायचं यावर घरात दोन महिने खल चालला होता. पंचमीला माहेरी आलेल्या आत्याने हातातली बांगडी सारखी करत एका वाक्यात तो संपवला. "शकी माझ्याकडं ऱ्हाईल. माझा जिम्मा." आबा तिला आक्का म्हणायचे आणि तिच्या शब्दाबाहेर जायचे नाहीत. माझी पेटी एसटीच्या टपावर चढली ती अशी.

एक खोली, पुढे पत्र्याची पडवी. सकाळी गुरुद्वाऱ्याकडून कीर्तनाचे सूर यायचे, त्यात आत्याच्या स्टोव्हचा पंप मिसळायचा, मग भाकरी थापल्याचा आवाज. ज्वारीची भाकरी, अंबाडीची भाजी, वर कच्चं तेल आणि शेंगदाण्याची चटणी. रविवारी येसर, म्हणजे भाजल्या डाळींचा मसाला, घालून आमटी, आणि ती इतकी झणझणीत की खाताना दोघींच्याही नाकाडोळ्यांतून पाणी. आत्या म्हणायची, "रडून घे, कारण लागत न्हाई." मी अभ्यासाला बसले की ती समोर वाकळ अंथरायची. दोरा कापडातून ओढला की एक सुर्र असा आवाज येतो, तो मला आजही पुस्तक उघडलं की आठवतो. तिला अक्षर येत नव्हतं. पण मी वाचताना पान उलटायला उशीर झाला की ती मान वर करून म्हणायची, "झोपलीस का काय?"

वर्षातून एकदा ती वेगळीच बाई व्हायची. पंचमीच्या आधी. आमच्याकडे नागपंचमीला लेकीला माहेरी न्यायला भाऊ येतो, त्याला मुराळी म्हणतात. चाळिशी उलटलेली ही विधवा बाई आठ दिवस आधीपासून पिशवी भरायला घ्यायची. भावजयांना खण, पोरांना गोडीशेव, आणि दरवर्षी एक नवी वाकळ. मुराळी म्हणून आबाच यायचे. ते दिसले की ही दारातूनच ओरडायची, "येळ झाला की रे, मला वाटलं इसरलास!" ते कधीच विसरले नव्हते. दोघंही हे वाक्य ऐकायसाठी आणि म्हणायसाठी वर्षभर थांबत असावीत असं मला वाटायचं.

आता कॉलेजाकडे येते.

बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला आम्हाला इतिहासाला एक नवे सर आले, उदगीरकडचे. किडकिडीत, पांढरा सदरा, सायकल. खुशीत आले की "हौदु, हौदु" म्हणायचे. कानडीत हो म्हणजे हौदु, हे आम्हाला नंतर कळलं. त्यांचं नाव मी लिहिणार नाही. का नाही, ते पुढे कळेल. त्यांनी पहिल्याच आठवड्यात सांगितलं की शनिवारचा तास व्याख्यानाचा नाही, चर्चेचा. बाकं गोल लावायची. आणि सगळ्यांना एक सायक्लोस्टाइल केलेला कागद वाटला. वर ठळक अक्षरात होतं, चर्चेच्या तासाकडून अपेक्षा, आणि खाली नऊ नियम. तो कागद माझ्याजवळ अजून आहे. घडीवर फाटलाय, पण वाचता येतो.

वाचून आल्याशिवाय बसायचं नाही. माणसाला खोडायचं नाही, म्हणणं खोडायचं. खडू ज्याच्या हातात तोच बोलणार, बाकीच्यांनी ऐकायचं, आणि बोलून झालं की खडू शेजारच्याला द्यायचा. यातला आमचा सगळ्यांचा लाडका नियम सहावा. "असं म्हणतात" म्हणायला बंदी. कुणी चुकून "म्हणतात की" असं सुरू केलं की सगळा वर्ग एका सुरात ओरडायचा, "कोण म्हणतं?" ऐकीव गोष्ट आणायची असेल तर आधी सांगणाऱ्याचं नाव, गाव, नातं सांगायचं, मग गोष्ट. आणि शेवटचा, नववा नियम असा होता: घरचं जे या खोलीत बोललं जाईल ते या खोलीतच राहील. सरांनी तो मोठ्याने वाचला होता आणि खोलीचं दार हाताने लोटून दाखवलं होतं. मला ते दार लोटणं फार आवडलं.

मी मात्र बोलायची नाही. शहरातली पोरं फाडफाड बोलायची, लातूरहून आलेला एक तर पुस्तकातली वाक्यं पानासकट सांगायचा. माझ्या हातात खडू आला की तव्यावरची भाकरी चटका बसून टाकावी तसा मी तो शेजारणीच्या हातात टाकायचे. सर हसायचे. "शकुंतलाबाई, खडू तुमच्याकडे मुक्कामाला कधी येणार?" मला जन्मात कुणी अहोजाहो केलं नव्हतं. घरी शकी, आत्याकडे शके, शाळेत तर आडनावाने हाक. हा माणूस मला बाई म्हणतो आणि माझ्या बोलण्याची वाट बघतो, एवढ्यावर मी हुरळून गेले होते. लपवण्यात अर्थ नाही. त्या माणसाने एकदा मान डोलवून हौदु म्हणावं, यासाठी मी काय वाटेल ते केलं असतं. आणि केलंच.

पंचमी होऊन गेली होती, आत्या माहेराहून टवटवीत होऊन आली होती. सरांनी त्या शनिवारी काम दिलं की पोलीस अ‍ॅक्शनच्या वर्षी आपापल्या गावात काय झालं ते घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारून या. आमच्याकडे निजाम गेला ते वर्ष हे. आमच्या घरात त्या वर्षाची एकच गोष्ट होती आणि ती सगळ्या गावाला पाठ होती. माझे आजोबा रझाकारांच्या विरोधात होते, तुरुंगात जाऊन आले होते, गावच्या शाळेत त्यांचा फोटो होता आणि मुक्तिदिनाला झेंडा झाला की त्याला हार पडायचा. हीच गोष्ट मी सांगितली असती तर चाललं असतं. पण तसल्या गोष्टी वर्गातला जो तो आणणार होता. मला सरांसाठी काही निराळं हवं होतं.

रविवारी दुपारी आत्या सुईत दोरा ओवत होती. मी विचारलं, "आत्या, पोलीस अ‍ॅक्शनच्या टायमाला तू केवढी होतीस?"

"असंल सात-आठ वर्साची. कशाला?"

"असंच." ही माझी पहिली लबाडी.

सुईत दोरा गेला, गाठ झाली, चार टाके पडले. मग तिने विचारलं, "आपल्या घरची देग बघितलीस न्हवं तू?"

देग कुणी बघितली नव्हती? कल्हई केलेली ती भली मोठी तांब्याची देग आमच्या घराची शान होती. गावात कुणाचंही लग्न असो, वरण आमच्या देगेत शिजायचं. न्यायला बैलगाडी यायची. तिच्या कडेला हाताच्या पंजाएवढी जागा ठोकून ठोकून चपटी केलेली होती. लहानपणी मी तिथे गाल टेकवायचे, कारण गार लागायचं.

"ती आपली न्हाई," आत्या म्हणाली. "तिथं उर्दूत नाव होतं. दादांनी, म्हंजे तुझ्या आज्यानं, घणानं ठोकून काढलं."

मग तिने सांगितलं, खाली बघून, टाका न चुकवता. घराला लागून एक मुसलमानाचं घर होतं. त्या घरची बाई आत्याची वेणी घालायची, ईदला शीरखुर्मा वाटी भरून द्यायची. गावोगाव लुटालूट सुरू झाली तेव्हा त्या माणसाने देग आणि एक पेटी आजोबांकडे आणून ठेवली. म्हणाला, तुमच्याएवढा भरवशाचा माणूस गावात न्हाई. आणि बायकापोरं घेऊन तो गेला. वाटेत त्याचं काय झालं कुणाला खबर नाही. सुगी झाल्यावर ती बाई एकटीच परत आली, कडेला पोर घेऊन. दाराशी उभी राहिली. आजोबा घरात होते. ते बाहेर आले नाहीत. त्यांनी कौसाला पुढे केलं.

"म्हणाले, जा, सांग, आमच्याकडं कायच न्हाई, लुटीत गेलं सगळं. आन मी गेले. सांगितलं." आत्याचा हात थांबला. "माझी वेणी तिनंच घातलेली असायची की गं. तिनं माझ्या डोक्यावर हात ठेवला, आन गुमान गेली. तिला दिसत होती देग. माझ्या मागंच होती, उपडी घातलेली."

पेटीतल्या लुगड्यांवर थोरल्या काकांचं लग्न लागलं, हेही तिने सांगितलं. मग म्हणाली, "दादा वाईट न्हवते. तुरुंगात गेलते ते खोटं न्हाई. पर हे बी खोटं न्हाई." आणि सुई वाकळीत खोचून माझ्याकडे बघितलं. "तुझ्या आबाला बी ठावं न्हाई. पोटात ठेव, शके."

मी हो म्हटलं. अगदी मनापासून म्हटलं, आणि म्हणतानाच मला शनिवार दिसत होता.

शनिवारी पोरांनी अपेक्षेप्रमाणे पराक्रम आणले. कुणाच्या आजोबांनी कंधारच्या रस्त्यावर कुणाला अडवलं, कुणाच्या चुलत्याने विहिरीत बंदुका लपवल्या. खडू फिरत फिरत माझ्याकडे आला आणि मी तो ठेवून घेतला. वर्गात कुजबुज झाली. नऊच्या नऊ नियम माझ्या डोक्यात होते. नववा होता म्हणून मी सहावा पाळला, हे मी आजपर्यंत हजारदा स्वतःला सांगितलं आहे. दार लोटलेलं होतं. मी म्हणाले, सांगणारीचं नाव अमुक, गाव अमुक, नातं सख्खी आत्या. आजोबांचं नाव सांगितलं. आणि मग सगळं, देग, घण, दारातली पोर, उपडी घातलेली देग. माझा आवाज थरथरत होता, पण छान थरथरत होता, आणि ते मला कळत होतं. याची मला आज सगळ्यात जास्त लाज वाटते.

माझं बोलून झालं. लातूरच्या त्या पोराने खडू हातात घेतला आणि न बोलता पुढे दिला. सर हळूच म्हणाले, "हौदु." मग खिशातून छोटी वही काढून विचारलं, "आत्यांचं पूर्ण नाव पुन्हा सांगता?" मी सांगितलं. स्पेलिंग चुकू नये म्हणून गावाचं नाव तर हळू, अक्षर अक्षर सुटं करून सांगितलं. त्या दिवशी घरी चालत जाताना मला रस्ता पुरला नाही.

(हे लिहिताना थांबावं लागलं. आज लातूरला आमच्या भागात नळाला पाणी यायचा दिवस, हंडे भरून आले. मीही पुढे इथल्याच एका कॉलेजात तीस वर्षं इतिहास शिकवला. चर्चेचा तास मीही घेत असे, बाकं गोल लावून. एकदा एक मुलगी उभी राहिली आणि "माझी आई म्हणते" असं सुरू करून घरातलं काही सांगू लागली. तिचा आवाज तसाच थरथरत होता. मी उठून तिच्या हातातून खडू काढून घेतला. तिला वाटलं मी तिचा अपमान केला. बरेच दिवस ती माझ्याशी बोलली नाही. मी तिला कारण सांगितलं नाही, कारण सांगायचं तर हे सगळं सांगावं लागलं असतं.)

मुक्तिदिनाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी आबा दारात उभे. मुराळी म्हणून येणारा माणूस पंचमी नसताना आला होता. आत्या उठली, "काय रे, समदे बरे हायत न्हवं?" आबांनी खिशातून घडी केलेला पेपर काढला. मुक्तिदिनाची पुरवणी. आदल्या दिवशी शाळेत आजोबांच्या फोटोला हार घालून ते मुखेडला आले होते आणि एसटी स्टँडवरच्या हॉटेलात कुणीतरी त्यांना तो दाखवला होता. सरांचा लेख होता. घराघरांत दडलेला इतिहास, असं काहीसं नाव. मधल्या दोन रकान्यांत आमचं घर होतं. आजोबांचं नाव, गावाचं नाव, आत्याचं नाव. माझं नाव नव्हतं. माझ्या जागी "एक विद्यार्थिनी" होती.

आबांचा आवाज चढला नाही, चढला असता तर बरं झालं असतं. "आक्का, हे तू सांगितलंस?"

आत्याला वाचता येत नव्हतं. तिने पेपरकडे बघितलं, मग माझ्याकडे बघितलं. तिला सगळं कळायला एवढं पुरलं. कापडावरून घर ओळखणारी बाई ती. मी मान खाली घातली. आता ती म्हणेल, हिला इचार, मी हिला पोटात ठेव म्हणले होते. मी वाट बघत होते.

"हाव," आत्या म्हणाली. "मीच सांगितलं."

"भाईर सांगितलंस? पेपरवाल्याला?"

"सांगितलं म्हणले न्हवं."

"दादांचं नाव मातीत घातलंस आक्का तू. थोरला भाऊ म्हणतोय, तिचं तोंड बघायचं न्हाई." आबा माझ्याकडे वळले. मला वाटलं आता माझी पाळी. पण त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. "तू लेकरू हायस. तुला ह्याच्यात कशाला ओढलं हिनं, काय ठावं."

एक वाक्य बोलायचं होतं मला. आबा, तिने नाही, मी सांगितलं. माझ्या तोंडातून ते निघालं नाही. आबांनी पाणीसुद्धा घेतलं नाही, आले तसे गेले. आत्याने पेपर उचलला, घडी नीट केली आणि माझ्या पुस्तकांवर ठेवला. मग चहाचं आधण काढून टाकलं, कारण तीन कपांचं होतं.

सोमवारी मी नियमांचा कागद घेऊन सरांकडे गेले. स्टाफरूममध्ये ते एकटेच होते, खुशीत होते. मी कागद पुढे केला आणि नवव्या नियमावर बोट ठेवलं. त्यांनी चष्मा लावून तो वाचला, जणू दुसऱ्या कुणी लिहिला होता.

"शकुंतलाबाई, हे विद्यार्थ्यांसाठी आहे," ते म्हणाले. "तुम्ही बाहेर बोलू नये म्हणून. मी संशोधक आहे."

"सर, तुम्ही दार लावलं होतं."

"मग? तुमचं नाव छापलं का मी? तुम्हाला जपलंच की." त्यांना खरंच वाटत होतं की ते माझ्याशी चांगले वागले. "आणि आत्यांचं नाव नसतं घातलं तर कोण म्हणतं, असं सगळ्यांनी विचारलं असतं. सहावा नियम. तुम्हीच तर किती नीट पाळलात! इतिहासाला नातीगोती नसतात." मग त्यांनी ती छोटी वही काढली. "एकच उणीव राहिली बघा. त्या मुसलमान बाईचं नाव. तेवढं आत्यांकडून मिळालं तर बघता का? पुढच्या लेखात घालता येईल."

मी कागद उचलला आणि निघाले. त्या माणसाचा मला जितका राग आला तितका आयुष्यात कुणाचा आला नाही, नवऱ्याचाही नाही, आणि त्याने बरीच संधी दिली होती. पण जिना उतरताना मला कळलं की सरांनी माझ्याशी जे केलं तेच, अगदी त्याच पायरीने, मी आत्याशी केलं होतं. तिनेही दार लोटलं होतं. आम्ही दोघांनीही तिला विचारलं नव्हतं. फरक एवढाच की सरांच्या नावाने लेख आला आणि मला डोक्यावर हात मिळाला.

आत्याने मला घरातून काढलं नाही. एका शब्दाने बोल लावला नाही. भाकरी तशीच, येसर तशीच, पान उलटायला उशीर झाला की "झोपलीस का?" तसंच. पण त्या दिवसापासून तिने मला एकही गोष्ट सांगितली नाही. ना गावाची, ना तिच्या सासरची, ना गाठोड्यातल्या कापडाची. मीही विचारेनाशी झाले. एका खोलीत दोघी आणि मध्ये तो सुर्र सुर्र दोरा. तिने शिव्या दिल्या असत्या, लाटणं फेकलं असतं, तर मी रडून मोकळी झाले असते. ती माझ्याशी चांगली वागत राहिली, आणि ते मला सोसत नव्हतं.

देग त्यानंतर कुणाच्या लग्नाला गेली नाही. कुणी मागायलाच आलं नाही. थोरल्या काकांनी ती फोडून मोडीत घातली, म्हणजे पुरावाही गेला.

पुढची पंचमी आली. आठ दिवस आधी आत्याने पिशवी काढली. मला वाटलं, निरोप आला असेल. खण घेतले, गोडीशेव घेतली, नवी वाकळ तर तयारच होती. पंचमीच्या आदल्या दिवशी ती न्हाऊन, धुवट लुगडं नेसून सकाळपासून दारात बसली, पिशवी शेजारी. हातात सुई होती पण दोरा नव्हता, हे माझ्या उशिरा लक्षात आलं. गल्लीत एसटीवरून उतरून आलेले कुणाकुणाचे मुराळी दिसत होते, घराघरातून हसण्याचे आवाज येत होते. शेजारणीने विचारलं, "काय कौसाबाई, भाऊ आला न्हाई अजून?" आत्या म्हणाली, "येईल की, वाट लांब हाय." ऊन पडवीतून सरकत सरकत भिंतीवर गेलं. मी आत बसून पुस्तकाचं तेच पान बघत होते. दिवेलागणीच्या आधी ती उठली, पिशवी खुंटीला लावली आणि पुरण शिजायला टाकलं. पंचमीला तवा ठेवत नाहीत, चिरत नाहीत, म्हणून दुसऱ्या दिवशी उकडलेली दिंडं केली. माझ्या ताटात चार वाढली, वर तुपाची धार धरली. म्हणाली, "खा. माहेराला आलीस असं समज."

मी त्याच वेळी गावाला जाऊन आबांना सांगायला हवं होतं. गेले नाही. परीक्षा होती, मग दुसरी परीक्षा, मग नोकरी, मग लग्न. धाडस एकदा राहिलं की त्याला दरवर्षी नवं कारण सापडतं. आबा वारले तेव्हा मी आत्याला घेऊन गेले. बायकांत ती कोपऱ्यात उभी राहिली. तिला कुणी बस म्हणालं नाही. तिने आबांच्या पायाला हात लावला आणि हळूच म्हणाली, "येळ झाला रे मला." मी शेजारीच होते. तिथेसुद्धा मी बोलले नाही.

शेवटची काही वर्षं ती लातूरला माझ्याकडे होती. डोळे गेले होते, पण बोटांनी टाके मोजायची. माझ्या वाकळीवरून हात फिरवून सांगायची, हितं उसवलंय बघ. एकदा दुपारी ती अशीच पडून होती. मी तिच्या पायाशी बसले आणि चाळीस वर्षं गिळलेलं सगळं बोलले. पोटात ठेव म्हणालीस आणि मी ठेवलं नाही. आबांसमोर गप्प बसले. तू माझा आळ अंगावर घेतलास आणि मी घेऊ दिला.

तिने सगळं ऐकून घेतलं. "ठावं हाय की," म्हणाली. "लेकराचा जिम्मा घेतला होता मी. दुसरं काय म्हणणार होते?"

मग मी ते विचारलं. त्या बाईचं नाव काय होतं. मला तिची लेकरं शोधायची होती. ते कडेवरचं पोर आता सत्तरीपुढचं असेल, उदगीरला असेल, हैदराबादला असेल, कुठेही असेल. देग गेली, पेटी गेली, निदान जाऊन माफी तरी मागावी. मी खरंच तेवढ्यासाठी विचारत होते. निदान मला तसं वाटत होतं.

आत्याने आपले पांढरे झालेले डोळे माझ्या आवाजाकडे वळवले.

"नाव मला याद हाय," ती म्हणाली. "रोज घेते मी."

"मग सांग ना."

"सांगितलं तर तू लिहिशील."

मी न्हाई म्हणाले नाही. म्हणता आलं नाही. तिने चाचपडत माझा हात शोधला आणि त्यावर थोपटलं, लेकराला थोपटतात तसं.

"एक ठेव आपल्या घरानं बुडवली, शके. ही माझ्याजवळ ऱ्हाऊ दे."